मुलांसाठी लिहिणाऱ्यांची शाळा

पहिलीच्या वर्गावर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाने काय शिकलेले असावे, याविषयी सरकारचे नियम अगदी स्पष्ट आहेत. त्याच्याजवळ अध्यापनाची पदविका हवी, तो पात्रता-परीक्षा उत्तीर्ण झालेला हवा, आणि बालमानसशास्त्राची त्याला निदान तोंडओळख तरी हवी. हे योग्यच आहे. परंतु त्याच वर्गातील मुलाच्या हाती जे गोष्टीचे पुस्तक पडावयाचे, ते लिहिणाऱ्याच्या शिक्षणाची काही सोय असावी, हा विचार मात्र आमच्या शिक्षणक्षेत्रातील धुरीणांना सुचलेला दिसत नाही. लेखनाला परवाना लागावा, असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही अर्थातच करणार नाही. लेखणी स्वतंत्रच असली पाहिजे. पण ज्याला हे काम शिकावयाचे आहे त्याने जावे कोठे, हा प्रश्न उरतोच. आणि त्याला आज आमच्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्यास कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठांतील पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांची सर्वत्र फेरमांडणी चालू आहे. जेथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले त्या रिद्धपुरास मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ उभे राहिले आहे. अशा वेळी जे आराखड्यात शिरेल ते पुढील दहा-वीस वर्षे टिकेल आणि जे बाहेर राहील ते तितकाच काळ बाहेर राहील. म्हणून आमची सूचना आम्ही प्रारंभीच मांडून टाकतो. मुलांसाठी आणि कुमारांसाठी ललित लेखन हा विषय महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पदव्युत्तर पातळीवर, स्वतंत्रपणे आणि पूर्ण गांभीर्याने शिकविला पाहिजे. एम. ए. मराठीच्या वर्गात 'बालसाहित्य' या नावाची एखादी वैकल्पिक अभ्यासपत्रिका ठेवली म्हणजे हे काम झाले, असे कोणी समजू नये. त्या पत्रिकेत बालसाहित्याचा इतिहास शिकविता येईल, त्याची समीक्षा शिकविता येईल. परंतु चांगली गोष्ट लिहावयाची कशी, हे तेथे कोणी शिकत नाही. पोहण्याचा इतिहास पाठ केलेला मनुष्य नदीत उतरला तर काय होईल, हे सांगावयास नको.

संपादकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत मराठी शिकवीत होतो. त्या शाळेत ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी पेटी होती आणि तिची किल्ली आमच्याकडे असे. आठवीतील एका मुलाला आम्ही त्या पेटीतून एक पुस्तक मोठ्या हौसेने काढून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ते परत घेऊन आला आणि म्हणाला, "सर, यातली मुले कधी खोटेच बोलत नाहीत. मग गोष्ट होणार कशी?" आम्ही त्याला उद्धट ठरवून दटावले. त्यानंतर तो त्या पेटीकडे कधी फिरकला नाही. आज इतक्या वर्षांनी आम्हांस वाटते की, कथाशास्त्रावरील जाड ग्रंथांत जे सापडत नाही ते त्या पोराने एका वाक्यात सांगितले होते, आणि दटावावयाचे असेल तर ते पुस्तक लिहिणाऱ्याला दटावावयास हवे होते. नव्हे, त्यालाही नाही. कारण मुलाला उपदेश पाजला की बालसाहित्य झाले, अशीच त्या बिचाऱ्याचीही समजूत करून दिलेली होती.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी ही ज्यांची मातृभाषा आहे असे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक या देशात आहेत. एवढ्या मोठ्या समाजात चिमुकल्यांसाठी आज काही सुंदर पुस्तके होत आहेत, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने शब्द आणि चित्र यांचा जो मेळ घातला आहे, त्याचे कौतुक महाराष्ट्राबाहेरही झाले आहे. खरी उणीव दिसते ती बारा ते सोळा या वयाच्या टप्प्यावर. त्या वयातील मुलाला राजा-राणीची गोष्ट पोरकट वाटते आणि मोठ्यांची कादंबरी अजून झेपत नाही. परीक्षेतील अपयश, घरातील कर्ज, वर्गात उच्चारली जाणारी जात, शरीरात होणारे बदल, पहिलेवहिले प्रेम, हातातील मोबाइलवर अखंड वाहणारा गोंगाट, या सर्वांतून तो एकटा वाट काढीत असतो. त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणारी मराठी पुस्तके किती आहेत? मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली प्रसिद्ध झाली. नववीतील मुलांचे जग तिच्यात इतक्या खरेपणाने आले आहे की कुमारांनी ती आपलीच मानावी. पण ती आली मोठ्यांची कादंबरी म्हणून. इतर भाषांत ज्याला कुमारसाहित्याचे स्वतंत्र दालन म्हणतात, त्याचा आमच्याकडे अद्याप पायाच भरला जात आहे. या टप्प्यावर जो वाचक सुटतो, तो पुढे क्वचितच परत येतो. थोरांच्या ग्रंथांना वाचक नाहीत म्हणून साहित्यसंमेलनांतून दरवर्षी अश्रू ढाळले जातात. त्या दुखण्याचे मूळ येथे आहे.

आमच्या सूचनेवर पहिला आक्षेप येईल तो ठरलेला आहे. लेखक हा जन्मावा लागतो, तो वर्गात घडविता येत नाही, असे सांगितले जाईल. प्रतिभा शिकविता येत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु हाच न्याय इतर कलांना आपण लावतो काय? मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ पासून चित्रकार शिकवून तयार करीत आले आहे. राष्ट्रीय नाट्यविद्यालय १९५९ साली निघाले, पुण्याची चित्रपटसंस्था १९६० साली निघाली. गाणारा तर वर्षानुवर्षे गुरूपुढे बसल्यावाचून मैफलीत पाऊल टाकीत नाही. रंग, अभिनय, कॅमेरा आणि सूर यांना तालीम लागते, मात्र शब्दाला ती लागत नाही, असे मानणे म्हणजे शब्दाचा गौरव नसून उपेक्षा आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात लेखनाची पदव्युत्तर कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे. इंग्लंडातील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली असाच अभ्यासक्रम सुरू केला. पुढे २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे काझुओ इशिगुरो हे तेथीलच विद्यार्थी होत. या वर्गांनी प्रतिभा निर्माण केली असा दावा कोणी करीत नाही. असलेल्या प्रतिभेची उमेदवारीची वर्षे त्यांनी वाया जाऊ दिली नाहीत, एवढेच त्यांचे श्रेय. आणि ते थोडे नाही.

मग मुलांसाठी लिहिण्याचा वर्ग वेगळा कशास? मोठ्यांसाठी लिहावयास शिकलेल्याला मुलांसाठी सहज लिहिता येईल, असे पुष्कळांना वाटते. हा भ्रम फार जुना आहे. त्याच भ्रमापायी आमची समीक्षा बालवाङ्मयास डाव्या हाताचे काम समजत आली. ज्ञानपीठाचे मानकरी विंदा करंदीकर यांनी मुलांसाठी विपुल कविता लिहिली. पण त्यांच्या काव्याची चर्चा करणारे पंडित त्या कवितांपाशी फारसे थबकत नाहीत. वस्तुतः मुलांसाठीचे लेखन अधिक अवघड आहे. मोठा वाचक कंटाळला तरी लेखकाच्या नावाकडे पाहून चार पाने पुढे जातो. मूल तेथल्या तेथे पुस्तक मिटते. सहा वर्षांच्या मुलाला जे वाक्य एका श्वासात वाचता येईल त्याची लांबी किती असावी. न कळणारा शब्द कोठे टाळावा आणि कोठे मुद्दाम ठेवावा. मोठ्याने वाचून दाखविताना गोष्टीची लय कोठे मोडते. बत्तीस पानांच्या चित्रपुस्तकात पान उलटण्यापूर्वी काय सांगावे आणि उलटल्यानंतर काय दाखवावे. जे चित्रात आहे ते शब्दांतून कसे गाळावे. आणि मृत्यू, दारिद्र्य, अन्याय या गोष्टी मुलापासून न लपविता, त्याला निराधारही न करता, कशा सांगाव्यात, या सर्व कौशल्याच्या बाबी आहेत. त्या शिकता येतात, शिकविता येतात, आणि चुकल्यास दुरुस्त करता येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साने गुरुजींनी कोणत्या विद्यापीठात लेखनाचे शिक्षण घेतले होते, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आक्षेपकांच्या बाजूचे नाही. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यापूर्वीची वर्षे मात्र आपण विसरतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात गुरुजी शिक्षक होते, तेथील छात्रालय सांभाळीत होते, मुलांची अंथरुणे आवरीत होते आणि मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत होते. रोज लिहावयाचे, रोज त्याच मुलांनी वाचावयाचे, आणि आपले कोणते वाक्य कोणाच्या डोळ्यांत उतरले हे रोज समोर पाहावयाचे, याहून कडक पदव्युत्तर शिक्षण दुसरे कोणते? तुरुंगातील त्या मोजक्या दिवसांमागे छात्रालयातील ही वर्षे उभी होती.

मागील पिढ्यांतील बाललेखकांची शाळा अशीच होती. फक्त तिच्या दारावर पाटी नव्हती. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक काढले. भा. रा. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' काढला आणि फास्टर फेणे घराघरांत पोचविण्यापूर्वी संपादक म्हणून मुलांची आवड जवळून न्याहाळली. सुधा करमरकर यांनी १९५९ साली 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणली, तिचे लेखन रत्नाकर मतकरी यांचे होते. आणि बालप्रेक्षक कोणत्या क्षणी चुळबुळू लागतो याचा धडा नाट्यगृहाच्या अंधारात उभ्या असलेल्या लेखकाला आपोआप मिळत गेला. बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ साली 'संदेश' काढला. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६१ साली त्याचे पुनरुज्जीवन केले, आणि मासिकाला मजकूर हवा या निकडीतूनच त्यांच्यातील बाललेखक बहरला. मासिक, वाचनालय, छात्रालय आणि रंगमंच हेच त्या काळचे वर्ग होते आणि संपादक हेच अध्यापक होते.

त्या शाळेची आज काय अवस्था आहे? 'बालमित्र' केव्हाच इतिहासजमा झाला. १९५२ पासून मराठी घरांत येणारा 'चांदोबा' आता येत नाही. पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' १९७१ पासून आपले व्रत निष्ठेने चालवीत आहे. आणखीही काही नियतकालिके पदरमोड करून तग धरून आहेत. पण नवोदिताचा मजकूर हाती घेऊन त्यातील दोन परिच्छेद खोडावयाचे, समासात प्रश्न लिहावयाचे आणि तिसऱ्यांदा लिहून आणावयास सांगावयाचे, एवढी सवड असलेला संपादक आज विरळा झाला आहे. जुनी शाळा मोडली आणि नवी उभी राहिली नाही, हे आमच्या बालवाङ्मयाच्या दुबळेपणाचे एक प्रमुख कारण आहे. म्हणूनच साने गुरुजींना विद्यापीठ लागले नाही, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. त्यांना जे आपोआप लाभले ते आजच्या तरुण लेखकाला कोणीतरी जाणीवपूर्वक मिळवून दिले पाहिजे.

परदेशांत हे काम कसे चालते, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात हॉलिन्स येथे बालसाहित्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९२ पासून भरतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, सहा आठवड्यांच्या सत्रात. व्हर्माँट येथे १९९७ साली मुलांसाठी व कुमारांसाठी लेखन हाच विषय घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याची पद्धत अशी होती की, विद्यार्थ्यांनी वर्षातून दोनदा सुमारे दहा दिवस एकत्र राहावयाचे, आणि एरवी घरी बसून दर महिन्याला आपले लेखन मार्गदर्शक लेखकाकडे पाठवावयाचे. त्याने सविस्तर पत्र लिहून ते परत करावयाचे. इंग्लंडातील बाथ स्पा विद्यापीठातही याच विषयाची स्वतंत्र एम. ए. आहे. त्यांचे वाङ्मय आपण उसने घ्यावे, असे आम्ही म्हणत नाही. त्यांची व्यवस्था मात्र आमच्या परिस्थितीस आश्चर्यकारक रीतीने जुळणारी आहे. मुलांसाठी लिहिण्याची खरी पात्रता आज कोणापाशी आहे? जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज मुलांत वावरणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांपाशी. नोकरी सोडून दोन वर्षे शहरात राहणे त्यांना शक्य नाही. पण मे महिन्याची सुट्टी त्यांच्या हाती आहे आणि टपालाचे काम आता क्षणार्धात होते.

असा अभ्यासक्रम निघाला तर त्यास काही अटी असाव्यात. पहिली व सर्वांत महत्त्वाची अट ही की, त्या वर्गात मूल असले पाहिजे. प्रत्येक विद्यार्थ्याने एखादी शाळा किंवा वाचनालय दत्तक घ्यावे, आपले लेखन तेथे वाचून दाखवावे, आणि मुले कोठे हसली, कोठे उठून गेली, याची नोंद प्राध्यापकाच्या शेऱ्याइतकीच महत्त्वाची मानावी. दुसरी अट अशी की, शिकविणारे लिहिणारे असावेत. पीएच. डी. नसलेल्या अनुभवी व्यक्तींना विद्यापीठात अध्यापनासाठी बोलाविण्याची सोय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली केली आहे. तिचा लाभ लेखक, चित्रकार आणि संपादक यांना का मिळू नये? तिसरी गोष्ट भाषेची. कोरकू, गोंडी, भिली किंवा वारली बोलणाऱ्या घरातील मूल शाळेत आले की प्रमाण मराठीच्या उंबऱ्याशीच अडखळते. त्याच्या बोलीला आणि मराठीला जोडणारी छोटी, रसाळ पुस्तके लिहावयास शिकविणे हे या वर्गाचे खास कर्तव्य ठरेल. आणि त्यासाठी त्या त्या समाजातील तरुणांना प्रथम प्रवेश मिळाला पाहिजे. चौथी अट परीक्षेची. तीन तासांत उत्तरपत्रिका भरून लेखकाची पारख होत नाही. पुन:पुन्हा लिहून पक्के केलेले एक पुस्तक आणि त्या पुस्तकाचे सर्व खोडलेले खर्डे, हाच त्याचा प्रबंध असावा.

यातील धोकेही आम्ही नजरेआड करीत नाही. पदवीचा कागद हाती पडला की लेखक झालो, अशी समजूत करून घेणारे निघतील. कोठल्याही उपक्रमाचे शुल्क वसूल करण्याच्या यंत्रात रूपांतर करण्यात आमच्याकडील काही संस्था वाकबगार आहेत. शिवाय मुलांच्या पुस्तकांवर लेखकाचा चरितार्थ चालत नाही, हे कटू सत्य अशा विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. मात्र पाठ्यपुस्तके, अनुवाद, बालनाट्य, ध्वनिपुस्तके आणि पडद्यावरील मुलांचे कार्यक्रम यांना जाणत्या लेखणीची गरज आहे, हेही तितकेच खरे आहे. वर्ग लहान ठेवावा, प्रवेश लेखन पाहून द्यावा, आणि चांगले विद्यार्थी मिळाले नाहीत तर त्या वर्षी जागा रिकाम्या राहू द्याव्यात. एवढे पथ्य पाळले तर धोका टळेल.

सरकारचेही यात कर्तव्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, असे बंधन घातले आहे. कायद्याने कपाट मागितले. पण त्या कपाटात ठेवण्याजोगे पुस्तक कायद्याने जन्मास येत नाही. त्यासाठी लिहिणारा घडवावा लागतो. इमारतींवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने वीस विद्यार्थ्यांच्या एका वर्गाचा खर्च तो किती? रिद्धपूरच्या विद्यापीठाने हा मान स्वतःकडे घ्यावा आणि मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांनी मागे राहू नये, असे आम्हांस वाटते.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. तो उचितच होता. परंतु अभिजातपणाची सनद ही पूर्वजांच्या कर्तृत्वाची पावती आहे. भाषा पुढे जगणार की नाही, याचा निकाल बारा-चौदा वर्षांची मुले देणार आहेत. ती मुले शिलालेख पाहून निकाल देणार नाहीत, हाती आलेले पुस्तक पाहून देतील. आम्ही ज्याला दटावले तो आठवीतील मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल आणि त्याची मुले कदाचित आठवीच्या वर्गात बसत असतील. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी आता आपल्यावर आली आहे. त्याच्या मुलांच्या हाती खरी गोष्ट पडावयाची असेल, तर ती लिहिणाऱ्यांची शाळा आमच्या विद्यापीठांनी विनाविलंब उघडली पाहिजे.